निचरा : एका बेसिनच्या निमित्ताने

मराठीत पाण्याच्या येण्याला शब्दांची वाण नाही. झरा, आड, विहीर, बारव, टाके, पाट, हौद, पाणवठा असे शब्द एकामागून एक आठवत जातात आणि प्रत्येकामागे एखादी ओवी, एखादी म्हण, एखादी आख्यायिका उभी असते. पाण्याच्या जाण्याचेही शब्द आहेत : मोरी, न्हाणी, पन्हळ, नाली, गटार, चर, सांडवा. पण ते उच्चारताना आपला आवाज किंचित खाली येतो. 'गटार' हा शब्द तर वस्तूपेक्षा शिवीच्या अधिक जवळ जाऊन बसला आहे. येणाऱ्या पाण्याची आपण पूजा करतो. जाणारे पाणी घराच्या मागल्या अंगाने जाते.

या दुसऱ्या कुळातला एक शब्द मात्र सभ्य समाजात वावरतो. तो म्हणजे 'निचरा'. शेतीच्या बोलण्यात तो जमिनीविषयी येतो, मानसशास्त्राच्या पुस्तकांत भावनांविषयी येतो. ॲरिस्टॉटलच्या कॅथार्सिसला आपण वर्गात 'विरेचन' असे भारदस्त नाव देतो. वैद्यकातून आलेला तो शब्द घटकाभर बाजूला ठेवला, तर घरगुती मराठीत त्यालाही निचराच म्हणावे लागेल. इतक्या थोर अर्थांची सोबत असलेल्या या शब्दाचा सर्वांत साधा अर्थ आम्हांला मध्यंतरी नव्याने शिकावा लागला. निमित्त होते न्हाणीघरातल्या बेसिनचे. बेसिनवर निबंध लिहावा का, असा संकोच प्रथम वाटला. पण मराठी लघुनिबंधाने छत्रीपासून चष्म्यापर्यंत कशालाही परके मानलेले नाही, हे आठवून तो संकोच सोडला.

आम्ही दोघेही मराठीचे प्राध्यापक. एकाचे महाविद्यालय जुन्नर तालुक्यात, दुसरीचे आंबेगाव तालुक्यात. घर दोहोंच्या मधोमध, उसाच्या शेताला लागून. घरात आम्हां दोघांखेरीज आई असतात. त्या एकाच्या जन्मदात्या, दुसरीच्या सासूबाई. एकजण त्यांना 'अगं आई' म्हणतो, दुसरी 'अहो आई' म्हणते. लिहिताना आम्ही दोघांनी मिळून आदरार्थी बहुवचन पत्करले आहे.

बेसिनचे पाणी काही महिन्यांपासून हळू जात होते. अगदी तुंबले असते, तर त्याची दखल लगेच घेतली गेली असती. पण हळू जाणे ही स्थिती मोठी फसवी असते. चूळ भरावी, तोंड धुवावे, पंचा घेऊन पुन्हा पाहावे, तो पाणी तिथेच. कॉलेजची बस पकडून माणूस निघून गेला की ते आपल्या सवडीने उतरणार. जे अखेरीस होतेच, त्याच्याविषयी तक्रार करण्याचे माणसाला सुचत नाही. शासकीय कार्यालयांतल्या अर्जांपासून विद्यापीठांच्या निकालांपर्यंत आपण या 'होईल हळूहळू'ला इतके सरावलो आहोत, की घरातल्या बेसिनने तसेच वागावे यात काही विशेष वाटत नव्हते.

विशेष वाटले ते आईंना. एकाने भरलेल्या चुळीचे पाणी खाली गेलेले नसताना त्यावर दुसऱ्याने चूळ भरणे त्यांच्या हिशेबात बसत नव्हते. त्या आम्हांला काही बोलल्या नाहीत. त्यांनी आपली व्यवस्था बदलली, इतकेच. पहाटे साडेचार-पाचला उठायचे, मागचे दार उघडायचे आणि परसातल्या नळावर तोंड धुऊन यायचे. परसाच्या कुंपणापलीकडे ऊस आहे. जुन्नर-आंबेगावात राहणाऱ्या वाचकाला याहून अधिक सांगायला नको. इतरांसाठी सांगतो, की आमच्या भागात उसाचे शेत हे बिबट्याचे घर असते. त्याची मादी उसात पिले घालते, पिले तिथेच वाढतात, आणि तोडणी सुरू झाली की सारे कुटुंब उघड्यावर येते. जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र चालवावे लागते, यावरून काय ते समजावे. वाकून तोंड धुणारे म्हातारे माणूस अंधारात फार उंच दिसत नाही. एका पहाटे मागच्या दाराची कडी वाजल्याचे आम्ही ऐकले, तेव्हा बेसिन हा आमच्या घरातला पहिल्या क्रमांकाचा प्रश्न झाला.

पहिले उपचार सर्वांना ठाऊक असतात तेच केले. भोकावरची जाळी काढली. केसांचा एक लहानसा पुंजका आणि साबणाचा चिकटा निघाला. तो काढल्यावर पाणी तितकेच हळू गेले. कढत पाणी ओतून पाहिले. रबरी वाटीच्या दांड्याने दाबून पाहिले. प्रत्येक दाबासरशी खालून एक बुडबुडा वर येई आणि पुन्हा शांतता. हार्डवेअरच्या दुकानात नाली साफ करण्याची पावडर मिळते, तीही आणली. पण पुडीवरच्या सूचना वाचल्यावर ती वापरण्याआधी कुणाला तरी विचारावे असे वाटले.

विचारले ते आमच्या एका माजी विद्यार्थ्याला. तो द्वितीय वर्षापर्यंत मराठी घेऊन शिकला, मग भोसरीकडे कामाला गेला, तिथे नळकाम शिकला आणि आता या पट्ट्यातला नावाजलेला प्लंबर आहे. त्या दिवशी तो आळेफाट्याला एका इमारतीच्या कामावर होता, दोन-तीन दिवस तरी यायला जमणार नव्हते. फोनवरच त्याने तीन प्रश्न विचारले. फरशीवरचे पाणी पटकन जाते का? जाते. बेसिनमधून बुडबुडे येतात का? येतात. बेसिनखालची नळी सरळ खाली उतरते, की मध्ये झोळ पडलाय? आम्ही वाकून पाहिले. नळीला पाळण्यासारखा झोळ पडला होता.

"मंग सर, पावडर टाकू नका," तो म्हणाला. "पाणी जायला तयार हाय. वारं वाट देत न्हाई. पाइप वर वढून बघा, तोंड पाण्यात बुडालं आसंल."

बेसिनखाली बसून आम्ही त्या वाक्याचा अर्थ लावला, तो वाचकांपुढे ठेवतो. बेसिनपासून निघणारी घड्याघड्यांची प्लॅस्टिकची नळी फरशीतल्या जाळीच्या भोकातून खाली जाते. जाळीखाली एक वाटीसारखे भांडे असते आणि त्यात नेहमी थोडे पाणी साचलेले असते. हे पाणी तिथे मुद्दाम ठेवलेले असते. मागच्या गटारातली दुर्गंधी घरात येऊ नये म्हणून ते पाणी झाकणाचे काम करते. या भांड्याला बांधकामाच्या परिभाषेत 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. हे नाव आपल्या न्हाणीचेच. इंग्रजी अंमलात घरबांधणीची पुस्तके इंग्रजीत लिहिली गेली, पण भारतीय माणसाच्या अंघोळीच्या जागेसाठी त्या भाषेत नेमका शब्द नसल्यामुळे न्हाणी तशीच उचलावी लागली, असे आम्ही समजतो. देशभरातल्या हार्डवेअरच्या दुकानांत हा शब्द चालतो. परिभाषा समित्यांच्या मदतीवाचून एक शब्द इतका दूर गेला, याचा आनंद मराठीच्या प्राध्यापकाला व्हावा हे स्वाभाविकच आहे.

आमच्या नळीचे तोंड या वाटीतल्या पाण्यात बुडून थेट तळाला टेकले होते. फरशी बदलण्याचे काम झाले, तेव्हा नळी पुन्हा बसवताना ती हवी त्याहून अधिक आत सारली गेली असावी, आणि उरलेल्या लांबीचा वर झोळ पडला. झोळात पाणी साचे, खाली वाटीत पाणी होतेच. या दोन पाण्यांच्या मधे नळीत हवा कोंडून राही. तिला ना वर येता येई, ना खाली जाता येई. वरून येणाऱ्या पाण्याला आधी त्या हवेला रेटावे लागे आणि मगच थेंबाथेंबाने पुढे सरकता येई. अडथळा घाणीचा नव्हताच. पावडरीची सगळी पुडी ओतली असती, तरी ती हवेचे काहीही बिघडवू शकली नसती.

याची खात्री करून घेणे सोपे होते. जाळीतून नळी उपसून तिच्या तोंडाखाली बादली धरली आणि बेसिन भरून सोडले. पाणी धो धो आले. म्हणजे बेसिन आणि नळी निर्दोष. मग तीच बादली फरशीवरच्या भोकात ओतली. तेही पाणी क्षणात गेले. म्हणजे ट्रॅप आणि त्यापुढची वाट निर्दोष. दोन्ही टोके धडधाकट होती. बिघडला होता तो त्यांच्यामधला जोड.

उपाय चार बोटांचा होता. नळी जाळीतून पुन्हा खाली सोडून पाहिली आणि तिचे तोंड वाटीतल्या पाण्याच्या वर, जाळीच्या जरासे खाली राहील अशा बेताने खूण केली. खुणेखाली उरली ती लांबी चार बोटे भरली. करवतीच्या पात्याने तेवढा तुकडा कापला. कापल्या कडेची कुसळे काढली, कारण केस अडकतात ते तिथेच. बेसिनखालची चकती सैल करून वायसर पुसून पुन्हा नीट बसवला आणि ती हातानेच आवळली. प्लॅस्टिकच्या आट्यांवर पाना चालवला की त्या जातात, अशी ताकीद फोनवर मिळाली होती. झोळ नाहीसा झाला, नळी सबंध लांबीत उताराला लागली. गवंडी याला 'ढाळ' म्हणतात. आडव्या जाणाऱ्या नळीला फुटामागे पाव इंच ढाळ असावा, हा प्लंबर लोकांचा जुना हिशेब आहे. ढाळ कमी असेल तर पाणी रेंगाळते आणि फार झाला तर पाणी एकटेच पळून जाते, गाळ मागे राहतो. नंतर बेसिन भरून सोडले. पाण्यात भोवरा पडला, शेवटी एक मोठा घोट घेतल्यासारखा आवाज आला आणि बेसिन कोरडे झाले.

बेसिनची गोष्ट येथे संपते. पण साहित्याच्या माणसांना गोष्ट संपली की तिच्याविषयी बोलण्याची खोड असते, आणि ती सोडावी असे आम्हांला या वयात वाटत नाही.

पहिली गोष्ट जोडाची. आपल्या स्टाफरूममध्ये एक वाक्य वर्षानुवर्षे ऐकू येते : "मुलांच्या डोक्यात काही उतरतच नाही." उतरत नाही म्हटले की दोनच निदाने पुढे येतात. एक पक्ष म्हणतो, मुलेच तशी. दुसरा म्हणतो, अभ्यासक्रमच तसा. आदिवासी पाड्यावरून एस.टी.ने येणारी मुलगी आपल्या बोलीत आजीची हकीकत सांगते, तेव्हा तिच्या आकलनात कसलाही दोष दिसत नाही. नेमलेली कादंबरीही उत्तम असते. दोहोंची स्वतंत्रपणे परीक्षा घेतली, तर पाणी धो धो वाहते. तरीही वर्गात ते तुंबते. मग आपली व्यवस्था काय करते? नळी आणखी आत सारते. आणखी टिपणे, आणखी घटक चाचण्या, आणखी 'अपेक्षित प्रश्न'. तोंड तळाला टेकलेले असताना आणखी रेटा दिला तर काय होते, ते रबरी वाटीच्या दांड्याने आम्हांला दाखवले : एक बुडबुडा येतो आणि पुन्हा शांतता.

वाऱ्याला वाट द्यावी लागते, हे त्या माजी विद्यार्थ्याचे वाक्य आम्हांला अध्यापनशास्त्राच्या दृष्टीने फार मोलाचे वाटते. वर्गात येणारा विद्यार्थी रिकामे भांडे नसतो. त्याच्या आत आधीची एक भाषा असते, आधीची लाज असते, घरच्या कामाचा थकवा असतो. ते बाहेर पडायला जागा मिळाली, तर आपण सांगतो ते आत जायला जागा होते. दोन वर्षे शेवटच्या बाकावर बसून गेलेल्या त्या मुलाने वर्गात कधी तोंड उघडले नाही. बेसिनखालच्या नळीविषयी मात्र त्याने तीन प्रश्नांत जे निदान केले, त्याला समीक्षेत आपण मर्मग्राही वाचन म्हणतो. समोर नसलेली वस्तू त्याने केवळ लक्षणांवरून वाचली. 'प्लंबर' हा शब्द शिशाच्या 'प्लंबम' या लॅटिन नावावरून आला, कारण एकेकाळी नळ शिशाचे असत. आणि गवंड्याच्या ओळंब्याचे इंग्रजी नावही त्याच धातूवरून आले. सरळ काय आणि ढळलेले काय हे पाहण्याचे साधन आणि पाण्याला वाट काढून देणारा माणूस यांचे भाषेतले हे नाते आम्हांला योग्य वाटते.

दुसरी गोष्ट मागे उरणाऱ्या पाण्याची. निचरा म्हणजे सगळे वाहून जाणे, अशी आपली समजूत असते. नहाणी ट्रॅपचे शास्त्र उलटे सांगते. तिथे थोडे पाणी राहिलेच पाहिजे. ते आटले की घरात दुर्गंधी येते. अलेक्झांडर कमिंग या स्कॉटिश घड्याळजीने १७७५ साली लंडनमध्ये शौचपात्राचे पेटंट घेतले, त्यातली कळीची गोष्ट हीच होती : नळीला असे वळण द्यायचे, की प्रत्येक वेळी थोडे ताजे पाणी त्या वळणात अडकून राहील. विरेचनावर व्याख्यान देताना आता आम्हांला हे वळण आठवते. शोकांतिका पाहून उठणाऱ्या प्रेक्षकाचे मन सर्वस्वी रिकामे झाले, तर त्या नाटकाने काही केलेच नाही असे म्हणावे लागेल. काहीतरी तळाशी राहते, आणि तेच पुढच्या दुर्गंधीपासून आपले रक्षण करते.

तिसरी गोष्ट नावांची, आणि ती आमच्या भूमीशी निगडित आहे. जुन्नरच्या चहूबाजूंच्या डोंगरांत, लेण्याद्री, तुळजा, मानमोडी, शिवनेरी इथे दीडशेहून अधिक लेणी आहेत. सातवाहनकाळात नाणेघाटाने कोकणातला माल वर येई, जुन्नरला पैसा खेळे आणि त्या पैशाचा काही भाग डोंगरात लेणी खोदण्यासाठी जाई. ब्राह्मी लिपीतल्या दानलेखांत पाण्याच्या टाक्यांसाठी 'पोढी' हा प्राकृत शब्द येतो. इरिल नावाच्या एका यवनाने जुन्नरला दोन पोढ्या दिल्या. सोपाऱ्याच्या गोविंददासाने नाणेघाटात एक दिली. दोन हजार वर्षे होत आली तरी हे लोक आपल्याला नावानिशी ठाऊक आहेत, कारण त्यांनी पाणी आणले. लेण्यांतून हिंडताना टाक्यांच्या आसपास खडकात खोदलेले बारीक चरही दिसतात. पावसाचे पाणी कुठून यावे आणि कुठून निघून जावे, याचा विचार छिन्नीने कोरून ठेवलेला असतो. ते चर नसते, तर भिक्षूंच्या कोठड्या पावसाळ्यात राहण्याजोग्या राहिल्या नसत्या. पण चर खोदणाऱ्याचे नाव शोधायला कोणी जात नाही. टाके दान करता येते, निचरा दान करता येत नाही.

जाणाऱ्या पाण्याचा आदर आपल्या संस्कृतीत अगदीच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. कुकडीच्या उगमाजवळ पूर येथे कुकडेश्वराचे प्राचीन देऊळ आहे. तिथे काय किंवा इतर कोणत्याही शिवालयात काय, अभिषेकाचे पाणी ज्या पन्हळीतून बाहेर पडते, तिला ओलांडायचे नसते. भाविक तिथपर्यंत जाऊन माघारी फिरतात. सोमसूत्री प्रदक्षिणा म्हणतात ती हीच. देवाच्या अंगावरून आलेले पाणी तीर्थ होते आणि त्याची मोरी पवित्र ठरते. माणसाच्या अंगावरून गेलेले पाणी सांडपाणी होते आणि त्याच्या मोरीजवळ काम करणारा माणूस शतकानुशतके अस्पृश्य ठरतो. २० मार्च १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे चवदार तळ्याचे पाणी प्याली. येणाऱ्या पाण्यावरचा हक्क त्या दिवशी मागितला गेला, आणि मराठी साहित्याने ती तारीख योग्य रीतीने जपली आहे. जाणाऱ्या पाण्याची बाजू आपल्या साहित्यात बरीच उशिरा आली. गटार आणि त्याकाठची माणसे मराठी कवितेत ठळकपणे उभी राहिली, ती नामदेव ढसाळांच्या १९७२ सालच्या 'गोलपिठा'ने. तो संग्रह आपण शिकवतो, त्यातल्या प्रतिमांवर प्रश्न काढतो.

आमचा माजी विद्यार्थी फोन ठेवण्याआधी म्हणाला होता, "बेसिनचं काय बी आसंल तर सांगा सर, पर चेंबरचं माझ्याकडं नसतं." चेंबर उपसण्याचे काम दुसरा कोणी करतो. गटारात आणि मैल्याच्या टाकीत माणसाला साधनांवाचून उतरवण्यास २०१३च्या कायद्याने बंदी केली, तरीही गावोगाव तो 'दुसरा कोणी' आहेच. प्लंबरला लोक नावाने हाक मारतात. या माणसाचा नंबर अनेकांच्या फोनमध्ये नुसता 'चेंबर' म्हणून साठवलेला असतो. पोढीच्या दात्याचे नाव दगडात दोन हजार वर्षे टिकते आणि चेंबर उपसणाऱ्याचे नाव यादीतही चढत नाही. साहित्याच्या विद्यार्थ्याने या दोन याद्या शेजारी ठेवून एकदा वाचाव्यात, असे आम्हांला वाटते.

आईंना हे सारे विवेचन ऐकवले, तेव्हा त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि एकच गोष्ट सांगितली. त्यांचे माहेर जुन्या आंबेगावचे. तालुक्याला ज्या गावाने नाव दिले ते गाव आता जमिनीवर नाही. घोड नदीवर डिंभे धरण झाले आणि आंबेगाव पाण्याखाली गेले. तालुक्याचा कारभार घोडेगावहून चालतो. जलाशयाला इथल्याच महाळुंगे पडवळचे हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव आहे. धरणाचे पाणी कालव्यांनी खाली मैदानात जाते. आमच्या परसापलीकडचा ऊस, नारायणगावच्या बाजारातला टोमॅटो हे सारे अशाच कालव्यांच्या जिवावर उभे आहे. आई म्हणाल्या, "तुमच्याकडं पाणी येण्याची वाट बघतात. आमच्याकडची माणसं ते जाण्याची वाट बघतात." उन्हाळ्यात जलाशय ओसरू लागला की बुडालेल्या गावाच्या खुणा वर येतात आणि काठची गाळाची जमीन मोकळी होते. ज्यांची शेते बुडाली ती आदिवासी कुटुंबे त्या ओल्या गाळात गाळपेर करतात. 'शाश्वत' या संस्थेच्या साथीने त्यांनी या जमिनीवरची शेती आणि जलाशयातली मासेमारी उभी केली, आणि २०१२ साली त्या कामाला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. पाणी वेळेवर उतरले तर पेरणी होते. इथे निचरा म्हणजे घास.

आणि त्याच तालुक्यात माळीण आहे. बेसिनवरच्या निबंधात ते नाव घ्यावे की नाही, यावर आम्हां दोघांत बराच काळ चर्चा झाली. ३० जुलै २०१४च्या सकाळी, दिवसांच्या मुसळधार पावसाने जड झालेला डोंगर त्या गावावर आला आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. मातीत पाणी शिरत राहिले आणि त्याला बाहेर पडायला पुरेशी वाट नव्हती, तेव्हा काय होते याचे याहून भीषण उदाहरण आम्हांला ठाऊक नाही. त्या गावातून आलेल्या मुलांना ज्यांनी वर्गात पाहिले आहे, त्यांना 'निचरा' हा शब्द केवळ रूपक म्हणून वापरता येत नाही. म्हणून ते नाव इथे ठेवले आहे, आणि त्यावर काही भाष्य करत नाही.

रूपकांचा मोह आवरता घ्यावा, हे बेसिनने शिकवलेले शेवटचे शहाणपण म्हणता येईल. पाणी कुठे अडले आहे, हे बसल्या जागी सुचत नाही. त्यासाठी वाकावे लागते, एकेक टोक सोडवून पाहावे लागते, बादली धरावी लागते, आणि ज्याला ते काम येते त्याला विचारावे लागते. इतके केल्यावर बरेचदा लक्षात येते, की लागते ती ताकद नसून चार बोटांची मोकळी जागा असते.

आई आता घरातच तोंड धुतात. मागच्या दाराची कडी उजाडल्यावर निघते. कापलेला नळीचा तुकडा आम्ही टाकणार होतो. तो त्यांनी मागून घेतला आणि परसातल्या अळूच्या वाफ्यात पाणी वळवण्यासाठी मातीत खोचून ठेवला. ढाळ बरोबर आहे.